पाठमोरा

१

लेम्युएल हॅसब्रुक आठवडाभर डोंगर उलटे काढतो आणि रविवारी ते सुलटे आहेत ना, हे बघायला टेकडीवर जातो, असा एक विनोद आमच्या खोऱ्यात होता. विनोद जुना झाला तरी लेम्युएल त्याला दर वेळी मनापासून हसायचा.

त्यात खोटं काही नव्हतं. न्यूयॉर्कच्या एका साप्ताहिकासाठी तो डोंगर-नद्यांची चित्रं काढत असे, आणि ती कागदावर नव्हे, लाकडावर काढावी लागत. हे लाकूड एका चिवट झुडपाचं. त्याचे तळहाताएवढेच तुकडे मिळतात. असे बरेच तुकडे मागच्या बाजूनं बोल्टनं आवळून एक मोठा ठोकळा करायचा, त्यावर पांढऱ्या रंगाचा पातळ हात द्यायचा आणि त्यावर पेन्सिलीनं चित्र काढायचं. छापताना डाव्याचं उजवं होतं, म्हणून चित्र आधीच उलटं काढायचं. लेम्युएल त्यासाठी स्वयंपाकघरातल्या टेबलावर आरसा मांडून बसे. पुढे ठोकळा आगबोटीनं न्यूयॉर्कला जाई. तिथे बोल्ट सैल करून तुकडे सुटे करत आणि एकेका कारागिराला एकेक देत. ज्यानं त्यानं आपला तुकडा कोरायचा. मग सगळं पुन्हा आवळून छापखान्यात. साप्ताहिकाला कुठला दम निघणार! एकट्यानं कोरायला घेतलं तर उन्हाळ्यातलं चित्र बर्फ पडल्यावर निघायचं.

संपादकाची एक अट मात्र पक्की होती. "शहरातल्या माणसाला डोंगराची उंची कळत नाही हो. शेजारी एखादं माणूस ठेवा, म्हणजे कळेल." म्हणून लेम्युएलच्या प्रत्येक चित्रात एका कोपऱ्यात त्याची बायको झिल्फा असे. चौकटीची शाल पांघरलेली, आपल्याकडे पाठ करून डोंगराकडे बघत बसलेली.

"झिल्फा, जरा मान खाली घे."

"मान खाली घालून संसार केला असता, तर तुझी चित्रं संपादकाच्या गळ्यात कुणी मारली असती?"

हे खरंच होतं. पहिली चित्रं घेऊन न्यूयॉर्कला तीच गेली होती. लेम्युएल त्या दिवशी जिन्याखाली उभा राहून घाम पुसत होता.

लेम्युएलला खरी आस होती ती मोठ्या रंगीत चित्राची, न्यूयॉर्कच्या वार्षिक प्रदर्शनात ते लागण्याची. दर वर्षी तो एक कॅनव्हास पाठवी आणि दर वर्षी तो परत येई. परीक्षकांमधले म्हातारे थॅडियस लॉरिंग एकदा त्याला तोंडावर म्हणाले होते, "हॅसब्रुक, नकाशा फार सुरेख आहे. चित्र कधी दाखवताय?" लेम्युएल तिथे हसला आणि घरी येऊन गाडीखान्यात एकटाच बसून राहिला. झिल्फानं त्याला जेवायला हाक मारली नाही. ताट तिथेच नेऊन ठेवलं आणि शेजारी बसली.

त्या उन्हाळ्यात त्यानं आमच्या उत्तरेकडच्या कड्याचं चित्र पाठवलं. पहिला छाप बघायला तो स्वतः न्यूयॉर्कला गेला. कड्याचा माथा चांगला उठला होता, झिल्फा आपल्या जागी होती. पण खूप मागे, झाडी आणि खडक जिथे भेटतात तिथे, एक माणूस उभा होता.

लेम्युएलनं तो काढलेला नव्हता.

२

कोरकामाच्या खोलीचे मुख्य होते कास्पर रूटिगर. हा जर्मन म्हातारा तरुणपणी जहाजातून आला तो या खोलीत शिरला आणि पुन्हा बाहेर पडलाच नाही, असं लोक म्हणत. वेगवेगळ्या कारागिरांचे तुकडे जोडल्यावर मधल्या रेषा जुळवायच्या, एकाचं आभाळ दुसऱ्याच्या आभाळात मिसळायचं, हे काम त्यांचं. जोडांवर त्यांच्याशिवाय कुणी हत्यार लावत नसे.

"मिस्टर रूटिगर, हा माणूस कुणी घातला?"

रूटिगरनी भिंग लावलं. "चांगला आहे की. अरे, तूच घातलास."

"मी नाही घातला."

"लेम्युएल, चाळीस पावसाळे मी लोकांच्या पेन्सिली बघतोय. पेन्सिल तुझी आहे."

तरी त्यांनी कारागिरांना विचारलं. झाडी कोरणारा म्हणाला, माझ्या तुकड्यात पानांच्या खाली काहीतरी काळं होतं, मला वाटलं घुबडाचं ढोलीतलं घर. ती टोपी होती. खडक कोरणारा म्हणाला, मला एक लांबट सावली होती, ती मी कोरली. तो कोट होता. तिसऱ्याकडे गवतात दोन बुंधे होते. ते पाय होते. प्रत्येकानं आपल्या वाट्याचं इमानदारीनं कोरलं होतं आणि अख्खा माणूस कुणीच बघितला नव्हता. सगळे आपापल्या खिडकीपाशी, उजेड कामावर एकवटावा म्हणून ठेवलेल्या पाणीभरल्या काचेच्या गोळ्यामागे मान घालून बसलेले. शेजाऱ्याच्या तुकड्यात डोकवायची तिथे रीतच नव्हती.

"काढताना डुलकी लागली असेल तुला," रूटिगर म्हणाले. "मला नाही का लागत? एकदा मी एका बिशपला मिशा दिल्या."

सगळे हसले, लेम्युएलही हसला. छपाईची वेळ झाली होती. माणूस तसाच गेला.

परतीच्या बोटीवर त्यानं स्वतःची समजूत घातली. सावल्या होत्या, जुळून आल्या. ढगांत नाही का आपण घोडे बघत? ही समजूत त्याला पटली, कारण ती पटवून घ्यायची त्याला फार इच्छा होती.

३

पुढचं चित्र तळ्याचं होतं. या वेळी ठोकळा बांधण्यापूर्वी त्यानं तो उजेडात धरून, भिंग लावून कानाकोपऱ्यापर्यंत बघितला. पाणी, लव्हाळे, पलीकडची टेकडी, अलीकडे झिल्फा. बाकी कुणी नाही. त्यानं स्वतःच्या हातानं फडकं गुंडाळलं, स्वतः दोरी बांधली.

साप्ताहिक आलं तेव्हा झिल्फा चुलीवर घेवडे आणि खारवलेलं डुकराचं मांस ढवळत होती. तिनं ओल्या हातानंच पान उलटलं.

"लेम, हे कोण रे?"

माणूस तळ्याच्या अलीकडच्या काठावर आला होता. लांब कोट, रुंद काठाची टोपी, हात खाली सोडलेले. चेहरा टोपीच्या सावलीत होता. सगळी माणसं टेकडीकडे बघतात, हा टेकडीकडे पाठ करून उभा होता. तो झिल्फाकडे बघत होता.

"कारागिरांचा खेळ असेल," लेम्युएल म्हणाला.

"खेळ कसला! मला बरा सोबती दिलाय. इतकी वर्षं एकटी बसते तुझ्या डोंगरांवर." ती हसली आणि पुन्हा चुलीकडे वळली. मग तिनं डावा खांदा चोळला. "खिडकी उघडी आहे का रे?"

खिडकी बंद होती.

त्या दिवसापासून तिला ती सवय लागली. पावाचं पीठ मळताना, कोंबड्यांना दाणे टाकताना ती मध्येच डावा खांदा चोळायची आणि मागे बघायची. काही दिसलं का, असं लेम्युएल विचारायचा. "काही नाही, वारा," ती म्हणायची. आमच्याकडे ऑक्टोबरात वारा असतोच, म्हणून त्यानंही ते धरून ठेवलं.

पण रेखाटनं करायला दोघं रानात जात तेव्हा एक गोष्ट त्याच्या कानांना खटकू लागली. वाळक्या पानांतून त्याची पावलं वाजत, तिची वाजत. दोघं थांबले की पानं थांबत, पण जरा उशिरानं.

४

पिठाच्या गिरणीचं चित्र छापून आलं त्यात माणूस झिल्फाच्या अगदी पुढ्यात, गिरणीकडे पाठ करून उभा होता. त्यानं एक हात उचललेला होता. बोटं तिच्या डाव्या खांद्यापासून इतकी जवळ होती, की मध्ये एक पांढरी रेघ तेवढी उरली होती.

झिल्फानं ते चित्र तेव्हा बघितलंच नाही. ती अंथरुणात होती. डावा हात उचलत नव्हता आणि दंडापासून खाली गार पडला होता. डॉक्टरनं गरम विटा शेकायला सांगितल्या, खांद्याला मोहरीचा लेप लावला आणि निघताना पायरीवर लेम्युएलला हळूच म्हणाला, "गारवा आत सरकतोय. छातीपर्यंत गेला, तर माझ्या हातात काही नाही." तो भला माणूस होता, पण त्याला तरी काय कळणार होतं!

लेम्युएलनं मग त्याला सुचलं ते केलं. पुढच्या चित्रातून त्यानं झिल्फालाच वगळलं. मोकळं कुरण, त्यावर पहिलं बर्फ, एक कुंपण. माणूस नाही, गुरंढोरं नाहीत, पक्षीसुद्धा नाही. संपादक चिडला तर चिडू दे. झिल्फा तिथे नसेल, तर तो कुणाला गाठणार?

छाप बघायला तो गेला, तेव्हा कोरकामाच्या खोलीत कुणाचंच हत्यार चालत नव्हतं. रूटिगर आपल्या स्टुलावर हात मांडीवर ठेवून बसले होते. समोर आवळलेला ठोकळा होता, आणि शेजारी त्याचा ओला छाप.

कुरणात माणूस एकटाच उभा होता. आता तो लहान नव्हता. कुंपणाच्या अलीकडे, चित्राच्या निम्म्या उंचीचा, आणि सरळ समोर तोंड करून. टोपी कपाळावरून मागे सरकली होती. पण तोंडाच्या जागी पांढरं होतं.

"चार तुकड्यांचा जोड बरोब्बर तोंडावर आलाय," रूटिगर म्हणाले. "जोड मीच कोरतो. हत्यार लावलं आणि..." त्यांनी छाप बोटानं दूर सरकवला. "पेन्सिलीत सगळं होतं, लेम्युएल. डोळे होते. मी पुसून टाकलं. कोरं ठेवलं. संपादकाला सांगेन, लाकूड चिरलं."

"कसे होते डोळे?"

"ते नको विचारू मला." मग छापाकडे बघत ते म्हणाले, "तो काहीतरी शोधतोय रे. तू यातून काही काढून टाकलंस का?"

लेम्युएलनं टोपीसुद्धा नीट घातली नाही. मिळाली ती बोट पकडली. नदीच्या कडेनं बर्फ धरू लागला होता आणि बोट रेंगाळत चालली होती. वाटेत त्यानं देवाला काय काय कबूल केलं, ते त्याचं त्याला ठाऊक. घरी पोचला तेव्हा ऊन अजून पडवीत होतं. झिल्फा उशीला टेकून बसली होती, ओठ निळसर.

"आत का नाही आलास?" तिनं विचारलं. "दुपारपासून पडवीत फेऱ्या मारतोयस. फळ्या वाजताहेत, मी हाका मारतेय, आणि तू आपला ओ देत नाहीस."

५

सगळी समजूत, सगळे तर्क त्या दिवशी संपले. पेन्सिल टाकली तरी तो येणार होता. झिल्फाला चित्रात ठेवलं तर चित्रात येणार, नाही ठेवलं तर घरात. लेम्युएल तिच्या पायाशी बसला आणि लहान मुलासारखा रडला. काही न लपवता त्यानं तिला सगळं सांगितलं. छापलेली सगळी चित्रं तिच्यापुढे मांडली.

झिल्फानं ती एकेक करून बघितली. घाबरायचं ते ती घाबरली असणारच, पण तिचा स्वभाव जाईल कुठे!

"मला एक सांग. मला तू नेहमी पाठमोरी का काढतोस?"

"तू डोंगराकडे बघत असतेस म्हणून. बघणारा पाठमोरा असला, की चित्र बघणाऱ्यालाही त्याच्याबरोबर बघावंसं वाटतं."

"मग हा का नाही बघत डोंगराकडे? प्रत्येक चित्रात याच्या मागे एवढा डोंगर उभा आहे. एकदाही मान वळवली नाही यानं."

लेम्युएलनं कड्याचं चित्र हातात घेतलं आणि निरखून बघितलं.

"तुझा डोंगर आवडला नसेल त्याला," झिल्फा म्हणाली, आणि दुसऱ्याच क्षणी तिनं त्याचा हात धरला. "चेष्टा केली रे. लागलं का?"

लागलं तर होतंच. लॉरिंगनी म्हटलं होतं तेच हे. पण लेम्युएल उठून उभा राहिला होता. त्याच्या चेहऱ्यावर तिला जे दिसलं, ते लग्नाच्या वर्षानंतर दिसलेलं नव्हतं.

"नाही आवडला," तो म्हणाला. "बरोबर आहे त्याचं. मान वळवावी असं मी काही काढलंच नाही आजवर."

आमच्या खोऱ्याच्या टोकाला डिकर धबधबा आहे. लेम्युएलकडे त्याची ढीगभर रेखाटनं होती. कुठली पायरी किती पुढे, कुठल्या खडकाला कशी भेग, सगळं अचूक. ती सगळी त्यानं भिंतीकडे तोंड करून ठेवली. शेजारणीला झिल्फापाशी बसवून तो रिकाम्या हातानं धबधब्यावर गेला. थंडी जरा सैल पडली होती, वरचं बर्फ सुटत होतं, आणि पाणी नुसतं कोसळत होतं. तो समोरच्या खडकावर डोळे मिटून बसला. छातीत धडधड होईपर्यंत बसला. परत आला तेव्हा दाढीत बर्फाचे मणी होते.

गाडीखान्यात उत्तरेकडे मोठी खिडकी होती, तिथे तो रंगकाम करी. त्यानं झिल्फाचा कोच तिथेच आणला, शेगडी पेटवली आणि दरवाजापेक्षा उंच कॅनव्हास उभा केला.

"एवढा मोठा?" झिल्फा म्हणाली. "नापास झाला तर परत आणायला दोन घोडे लागतील."

"नापास झाला तर परत आणायचं कारणच उरणार नाही," तो म्हणाला. दोघांनाही त्याचा अर्थ कळला.

६

पहिल्या थरातच तो आला. उजव्या कोपऱ्यात, खडकावर, टोपी आणि कोट, समोर तोंड करून. लेम्युएलनं तो खरवडून काढला. हात धुऊन येईस्तोवर तो पुन्हा तिथे होता, जरा मोठा. तोंडाच्या जागी अजून रूटिगरनी ठेवलेलं कोरेपण होतं, पण ते आता भरू लागलं होतं. ओल्या कागदातून मागचं दिसावं तसं काहीतरी आतून वर येत होतं. लेम्युएलनं मग त्याला हात लावला नाही.

"राहा बाबा," तो म्हणाला. "बस तिथेच. आणि बघ."

त्यानं पाणी रंगवायला घेतलं. आजवर त्यानं पाण्याच्या रेषा रंगवल्या होत्या. आता तो पाण्याचं पडणं रंगवत होता. एक खडक चुकला, दोन चुकले, आणि चुकले तर चुकले. रुंद ब्रश, मग सुरी, मग अंगठा. वरून सुटणारं हिरवट बर्फाचं पाणी, मध्ये त्याचा फुटून झालेला धूर, आणि त्या धुरात शिरलेलं सकाळचं ऊन. जेवणाचं ताट गार व्हायचं. शेजारीण कुरकुरायची. झिल्फा कोचावरून बघत राहायची. तिचा श्वास आता आखूड झाला होता, गारवा छातीच्या कडेपर्यंत आला होता, आणि तिच्या मागे, खिडकी नसलेल्या भिंतीच्या बाजूला, अधूनमधून एक फळी वाजायची. दोघंही तिकडे बघायचे नाहीत. ओल्या लोकरीचा वास मात्र सगळ्या खोलीत भरलेला असायचा.

लेम्युएलला भीती वाटत होती का? वाटत होती. पण त्या भीतीच्या वर दुसरंच काहीतरी चढलं होतं. आयुष्यात पहिल्यांदा त्याचा हात त्याच्या पुढे धावत होता. एका दुपारी पाण्यावर उन्हाचा शेवटचा पट्टा ओढताना तो मोठ्यानं हसला. धबधबा उभा राहिला होता. त्याचा आवाज येत नव्हता, हेच नवल वाटत होतं.

"लेम." झिल्फाचा आवाज अगदी बारीक होता. "थांबू नकोस. नुसतं खाली बघ."

त्यानं ब्रश न उचलता खाली बघितलं. उजव्या कोपऱ्यातल्या माणसाच्या तोंडाची जागा आता समोर नव्हती. टोपीखाली एक कान दिसत होता, आणि गालाची कड.

लेम्युएलनं डोळे वर नेले आणि रंगवत राहिला. आणखी ऊन. आणखी धूर. वरच्या काठावर पाणी सुटण्यापूर्वी क्षणभर थबकतं ना, तिथे एक पांढरा ठिपका. मागे फळी वाजली. मग दुसरी, जरा पुढची. पावलं कोचापाशी आली. झिल्फानं श्वास आत घेतला, तो त्याला ऐकू आला. पावलं तिथे थांबली, आणि किती वेळ थांबली ते त्याला कधीच सांगता आलं नाही. त्याचा हात मात्र थांबला नाही. तो रंगवत राहिला, तिच्यासाठी, आणि खरं सांगायचं तर चित्रासाठीही.

पावलं कोच सोडून पुढे आली. त्याच्या उजव्या कोपराजवळून थंड, ओलसर काहीतरी गेलं. बाही हलली. मग ओल्या लोकरीचा वास गेला आणि खोलीत जवसाच्या तेलाचा आणि शेगडीचा वास उरला.

त्यानं खाली बघितलं. माणूस पाठमोरा होता. रुंद काठाची टोपी, लांब कोट, हात खाली सोडलेले, मान वर करून धबधब्याकडे बघत असलेला. लेम्युएलनं ब्रश घेतला, टोपीच्या काठाला उन्हाची एक बारीक कड दिली, कोटाला सावली दिली, आणि तो माणूस आपल्या चित्रात कायमचा पक्का केला.

"लेम," मागून झिल्फा म्हणाली. तिनं डावा हात डोक्याच्या वर उचललेला होता आणि बोटं हलवून बघत होती. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "मला भूक लागलीय रे. कुट्टूच्या पिठाचे गरम पोळे कर. मेपलचा पाक भरपूर घाल, कंजूसपणा करू नकोस."

लेम्युएलनं रंगानं बरबटलेल्या हातांनीच तिला मिठी मारली. तिच्या शालीवरचा तो निळा डाग पुढे कधी निघाला नाही, आणि तिनं काढूही दिला नाही.

७

परीक्षकांनी तो कॅनव्हास घेतला. नुसता घेतला नाही, मोठ्या दालनात समोरच्या भिंतीवर, डोळ्यांच्या रेषेत लावला. जो चित्रकार आहे त्याला या जागेची किंमत सांगायला नको. लोक तिच्यासाठी मैत्री मोडतात.

प्रदर्शन उघडण्याच्या आदल्या दिवशी चित्रकारांना व्हार्निश चढवायला आत सोडतात. लेम्युएल आणि झिल्फा गेले तेव्हा एकाच चित्रापुढे घोळका होता. रूटिगर लग्नातला कोट घालून आले होते.

"संपादक माझ्या मागे लागलाय," ते कानात म्हणाले. "म्हणतो, हे चित्र ठोकळ्यावर घेऊ, दोन पानं भरून छापू. मी सांगितलं, माझ्या खोलीत नाही. ठोकळा म्हणजे तुकडे आले, आणि तुकडे आले की ते पुन्हा जोडायचे आले. खडकावरचा तो बघतोय ना तिकडे? बघू दे."

घोळका दुभंगला आणि थॅडियस लॉरिंग काठी टेकत पुढे आले. म्हाताऱ्याचे डोळे ओले होते आणि ते लपवायची त्यांना काही गरज वाटत नव्हती.

"हॅसब्रुक," ते म्हणाले, "मी तुम्हाला एकदा काहीतरी बोललो होतो. ते मी आज परत घेतो, सगळ्यांच्या देखत."

भोवतीच्या माणसांनी टाळ्या वाजवल्या. झिल्फानं त्याला ढोसलं, तेव्हा तो कसाबसा वाकला. इतकी वर्षं जिच्यासाठी जीव टांगणीला लागला होता, ती घटका ही. ती त्यानं पुरेपूर भोगली, का भोगू नये!

"पाण्याबद्दल मी काय बोलणार," लॉरिंग पुढे म्हणाले. "पण खरी करामत त्या खडकावरच्या माणसाची आहे. एवढ्या मोठ्या चित्रात एवढीशी गोष्ट, आणि तिनं काळजाला हात घातला. टोपी हातात घेऊन उभा आहे, चर्चमध्ये उभं राहावं तसा. हे कसं सुचलं हो तुम्हाला?"

लेम्युएलनं चित्राकडे बघितलं.

टोपी त्यानं डोक्यावर रंगवली होती. काठाला उन्हाची कड दिली होती, ती देताना बोट कुठे टेकवलं होतं तेसुद्धा त्याला आठवत होतं. आता ती कड खाली होती, माणसाच्या दोन्ही हातांत, छातीशी धरलेल्या टोपीच्या काठावर, कोपराच्या बाजूनं थोडीशी दिसणारी. डोकं उघडं होतं. केस विरळ, टोपी बराच काळ घातल्यामुळे चपटलेले, आणि धबधब्याच्या तुषारांनी ओले.

झिल्फानं त्याचा हात डाव्या हातानं घट्ट धरला. तो ऊबदार होता.

"काही सुचलं नव्हतं हो," लेम्युएल लॉरिंगना म्हणाला. "हे त्याचं त्यानंच केलं."

लोक हसले. लेम्युएल मात्र हसला नाही. तो एक पाऊल पुढे सरकला, त्या पाठमोऱ्या माणसाच्या मागे उभा राहिला आणि त्यानं आपली टोपी काढली.